डाव्या हाताची सुरी

रिपेकाची सुरी त्या वर्षी संपली. मोडली नाही, संपली. दगडावर घासून घासून पातं इतकं बारीक झालं की कॉड माशाच्या कण्यावरून सरकताना मध्येच वर उचलायला लागलं. पातं वर उचललं की तेवढं मांस काट्यालाच चिकटून राहतं. मासे कापायच्या शेडमध्ये मी तिच्या शेजारच्या फळीवर उभी असते, त्यामुळे मला ते आधी दिसलं.

"अगं, सीगलांना जेवण घालतेयस," मी म्हटलं.

"दिसतंय मला. मोठ्याने बोलू नकोस."

आमच्या राकिउरा बेटावर किराणा मिळतो, गमबूट मिळतात, पण फिले, म्हणजे काट्यापासून सोडवलेले मांसाचे काप, काढायची सुरी कुणी दुसऱ्याच्या पसंतीने घेत नाही. ती हातात धरून बघावी लागते. म्हणून रिपेकाने एक दिवस सुट्टी घेतली, फेरीबोटीने सामुद्रधुनी ओलांडून ब्लफ बंदरात उतरली आणि तिथून बसने इन्व्हरकार्गिल शहरात गेली.

दुकानात तिने काय काय केलं असेल ते मी न बघताही सांगू शकते. टोक लाकडावर टेकवायचं आणि हळू दाबायचं. पातं टोकाकडून वाकलं पाहिजे, मुठीजवळ वाकलं तर ती सुरी खेळण्यातली. मग मूठ. कोरड्या हातात सगळ्याच मुठी छान वाटतात, म्हणून तिने दुकानदाराकडे साबणाचं पाणी मागितलं, हात बुडवला आणि एकेक सुरी ओल्या हाताने धरून बघितली.

"बाई, विकत घेताय की आंघोळ घालताय?" दुकानदार म्हणाला.

"हात निसटला तर बोट माझं जातं, तुमचं नाही."

एकही पसंत पडली नाही. परतीच्या बसला अजून अवकाश होता, म्हणून ती कोपऱ्यावरच्या चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरली. तिथे एका पत्र्याच्या डब्यात काटे, चमचे, सालकाढणी असं सगळं एकत्र टाकलेलं होतं. त्यात ती सुरी होती.

मुठीला डांबरी दोरा गुंडाळलेला होता आणि शेवटची गाठ आत खुपसून वरून मेण लावलेलं होतं. रिपेकाने सुरी उजेडात धरली. आम्ही उजव्या हाताने कापणारी माणसं पात्याची उजवी बाजू जास्त घासतो, डावी जवळजवळ सपाट ठेवतो. या सुरीची डावी बाजू घासलेली होती. डाव्या हाताने मासे कापणारा आणि मुठीला अशी गाठ मारणारा एकच माणूस तिला माहीत होता. तो तिचा धाकटा भाऊ, तेओने. दोघांनी एकाच दगडावर, बापाच्या शिव्या खात धार लावायला शिकून घेतलं होतं.

तेओने आदल्या हिवाळ्यात गेला होता. दक्षिणेचं वारं अचानक फिरलं, बोटीत पाणी शिरलं आणि बोट खडकांच्या पलीकडे बुडाली. बरोबर लॅकी होता, तेओनेच्या हाताखालचा गडी. तो एकटा बोटीमागे बांधलेल्या छोट्या होडक्यातून वाचला. तेओने काही दिवसांनी कालवं काढणाऱ्यांना सापडला. चौकशी झाली तेव्हा लॅकीने सांगितलं की होडक्याची दोरी ताणाने तुटली, होडकं त्याच्यासकट वाहून गेलं आणि तेओने मागे राहिला. बोटीवरचं काहीही हाती लागलं नाही, हेही त्यानेच सांगितलं होतं.

मग ही सुरी सुक्या जमिनीवर, चमच्यांच्या डब्यात कशी?

रिपेकाने गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं, "हा डबा कुणी आणून दिला?"

"कसं सांगू गं पोरी? खोकी येतात, आम्ही लावतो." त्यांनी चष्मा सारखा करून डब्यात डोकावलं. "हां, हे मिसेस मॅकर्डींच्या स्वयंपाकघरातलं. त्या वृद्धाश्रमात गेल्या ना, सगळं घरच आलं आमच्याकडे. पडदेसुद्धा."

मिसेस मॅकर्डी म्हणजे लॅकीची आजी. तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं.

संध्याकाळच्या फेरीबोटीवरून उतरली ती थेट माझ्या घरी आली. कोट काढला नाही, चहा नको म्हणाली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "डोरिन, बघ. काही बोलू नकोस, आधी बघ."

मी बघितली. तेओनेच्या सुरीने मी कितीदा मासे कापले होते, ती ओळखायला वेळ लागला नाही.

"आता हे बघ," ती म्हणाली.

मुठीजवळ धारेला दोन खाचा पडलेल्या होत्या. खोल, जवळजवळ. नंतर कुणीतरी स्वयंपाकघरातल्या ओढून धार लावायच्या यंत्रात सुरी घातली होती, त्याचे ओरखडे पूर्ण पात्यावर होते, पण खाचा तशाच राहिल्या होत्या.

"काट्याने असं होत नाही," मी म्हटलं.

"काट्याने होत नाही, आणि तेओनेच्या हातून तर नाहीच. आमिष कापायला वेगळी, दोर कापायला वेगळी आणि ही फक्त माशाला. मी एकदा हिने बटाटा कापला तर आठवडाभर टोमणे मारत होता." तिने खाचेवर नख ठेवलं. "ही लोखंडावर आपटलीय. लोखंडाला टेकलेलं काहीतरी कुणीतरी घाईने कापलंय."

बोटीच्या मागच्या कठड्यावर लोखंडी खुंटा असतो. होडक्याची दोरी त्यालाच बांधलेली असते. आम्ही दोघींनी ते उच्चारलं नाही, पण दोघींच्या डोळ्यांपुढे तेच होतं.

"दोरी तुटली म्हणाला होता," मी म्हटलं.

"हो. म्हणाला होता."

खरं सांगायचं तर लॅकीविषयी बेटावर आधीपासून कुजबुज होती. तेओने गेल्यापासून तो दर आठवड्याला तेओनेच्या बायकोकडे, एरिनाकडे जायचा. लाकडं फोडून द्यायचा, पन्हाळी साफ करायचा, छताचा पत्रा ठोकायचा. तिशीतला एकटा माणूस आणि चाळिशी न गाठलेली विधवा. आमच्याकडे माणसं मोजकी आणि खिडक्या भरपूर. मीही त्या खिडकीत बसणाऱ्यांतलीच. त्या संध्याकाळी मला सगळं एकदम जुळल्यासारखं वाटलं आणि मी ते बोलूनही टाकलं.

"एरिनासाठी केलं असेल का गं त्याने?"

रिपेकाने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून किटली ठेवली. पण ती नाही म्हणाली नाही.

"कुणाला सांगू नकोस," जाताना म्हणाली. "मला त्याचं तोंड बघायचंय."

सुरीची धार तिने शेडच्या मागे बसून काढली. दगड पाण्यात भिजवला, पातं जवळजवळ आडवं धरलं आणि टोकापासून मधल्या भागापर्यंत हलक्या हाताने घासत गेली. ओरखडे निघाले, पातं पुन्हा चमकलं. मग पोलादी कांडीवर दोन्ही बाजूंनी दोन-चार हात. डावी बाजू डावीच ठेवली. मुठीजवळच्या भागाला मात्र तिने दगड लावला नाही. खाचा काढायच्या तर बरंच पोलाद खर्ची पडलं असतं, पण कारण ते नव्हतं.

पुढच्या वेळी लॅकी कॉडचे क्रेट घेऊन आला, तेव्हा सुरी फळीवर होती, मूठ त्याच्या बाजूला. तेओनेनंतर तो दुसऱ्याच्या बोटीवर जायला लागला होता आणि मासे आमच्याचकडे आणायचा.

त्याने क्रेट खाली ठेवला, कंबर सरळ केली आणि त्याची नजर सुरीवर गेली. मी माझ्या माशाकडे बघत होते, पण सगळं लक्ष तिकडेच. तो दचकला नाही. तसाच उभा राहिला, एवढंच.

"नवी घेतलीस, आंटी?" तो म्हणाला.

"जुनीच आहे."

"बरी वाकते का?"

"वाकते. मुठीजवळ खराब झालीय थोडी."

"दगडावर निघेल," तो म्हणाला, आणि रिकामे क्रेट उचलून गेला.

"बघितलंस?" मी म्हटलं.

"मूठच बघत होता," रिपेका म्हणाली. "खाचा कुठे आहेत ते मी सांगायच्या आधी त्याचा डोळा तिथे गेला होता."

त्यानंतर लॅकी शेडवर येईना. मासे दुसरंच कुणी आणून टाकायचं. कधी पाठ दुखते, कधी इंजिनाचं काम निघालं. माझा संशय पक्का झाला. रिपेकाचा झाला की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं, पण ती मासे कापताना बोलायची बंद झाली.

एका दुपारी ती एरिनाकडे गेली. एरिना कपडे वाळत घालत होती. रिपेकाला फिरवून बोलता येत नाही, तिने सरळच विचारलं, "लॅकी इथे कशासाठी येतो?"

एरिनाने हातातला शर्ट परत टोपलीत टाकला. "तूसुद्धा? दुकानातल्या बायका विचारतात, पोस्टातली विचारते, आता तू."

"मी तेओनेची बहीण आहे. मला विचारायचा हक्क आहे."

"मग ऐक. तो लाकडं फोडतो आणि जातो. एकदाही पायरी चढून वर आलेला नाही. पहिल्यांदा मी त्याला सूप दिलं, तर वाडगं कुंपणावर ठेवून गेला, न खाता. पाऊस असला तरी झाडाखाली उभा राहतो. मला वाटायचं माझी लाज वाटते. नंतर वाटलं मला घाबरतो. आता मी विचार करायचं सोडून दिलंय." मग तिने रिपेकाकडे नीट बघितलं. "का गं? काय झालंय?"

"कळलं की सांगेन."

"आत्ता सांग."

"नाही. अर्धवट सांगणार नाही."

हे तिने मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अपराधी माणूस असाच वागतो."

"दुःखी माणूसही असाच वागतो," ती म्हणाली. "म्हणून तर पंचाईत झालीय."

दुसऱ्या दिवशी काम आटोपल्यावर ती धक्क्यावर गेली. लॅकी माशांच्या सापळ्यांना गाठी मारत बसला होता. तिने सुरी त्याच्यासमोरच्या सापळ्यावर ठेवली आणि शेजारच्या क्रेटवर बसली. मी तिच्या सांगण्यावरून बर्फाच्या मशीनपाशी उभी होते, ऐकू येईल इतक्या अंतरावर. साक्षीला कुणीतरी हवं, असं ती म्हणाली होती.

"तुझ्या आजीच्या चमच्यांत सापडली," ती म्हणाली.

लॅकीने गाठ पुरी केली. मग हात मांडीवर ठेवले.

"मी तिच्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती. घर रिकामं केलं ते मला नंतर कळलं. मी डबा शोधत गेलो, तोवर दुकानात गेला होता. आत जायची हिंमत झाली नाही."

"दोरी तुटली नव्हती."

"नाही."

"मग बोल. मला लांबण नकोय."

तो बोलला, पण थांबत थांबत. तेओने खाली इंजिनापाशी होता. पंप बंद पडू नये म्हणून इंजिन चालू ठेवायची त्याची धडपड चालली होती. त्याने लॅकीला होडकं सोडवायला पाठवलं. होडकं लाटेने ओढलं जात होतं, ओली गाठ खुंट्यावर आवळून बसली होती, बोटांनी सुटेना. दोर कापायची सुरी पुढे केबिनमध्ये, आणि तिथे पाणी भरलेलं. मासे कापायची फळी मात्र हाताशी होती.

"मी सुरी घेतली आणि होडक्यात उतरलो, म्हणजे कठडा धरून ते बोटीला लागून ठेवता येईल. तेओने वर आला की कापायचं, असं ठरलं होतं. मग त्याची हाक आली. काप. मी कापलं. दोन घाव लागले. मी वर बघितलं तर तो वर आलेलाच नव्हता. आणि लाटेने मला एवढं लांब फेकलं की... मी वल्ही मारली, आंटी. हातांची सालं निघाली, ती तू बघितली होतीस."

"बघितली होती."

"नंतर मला ज्यांनी उचललं, त्यांनी विचारलं, दोरी तुटली का. मी मान हलवली. मग सगळीकडे तेच झालं. सुरी बुटात खोचलेली होती, ते मला घरी गेल्यावर कळलं."

रिपेकाने सापळ्यावरची सुरी आपल्याकडे वळवून घेतली. मग म्हणाली, "तेओनेने काप म्हटलं?"

"हो."

"तू ऐकलंस?"

लॅकीने तिच्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आधी मला पक्कं माहीत होतं. आता मी ती हाक इतक्या वेळा ऐकलीय की त्याने मारली होती की मीच घातली तिथे, ते मला सांगता येत नाही. खोटं बोलायचं असतं तर हो म्हणून मोकळा झालो असतो."

"तेही खरं," रिपेका म्हणाली, आणि सुरी उचलून निघाली.

वाटेत मी तिला म्हटलं, "विश्वास बसतो तुझा?"

"तुझा?"

खोटं बोलणारा हुशार माणूसही शेवटी नेमकं असंच बोलेल, असं माझं एक मन म्हणत होतं. पण मी त्याचे हात बघितले होते.

रविवारी सकाळीच ती आमच्या दारात. "तुझ्या नवऱ्याची बोट हवीय. तेओनेच्या बोटीत होतं तसंच इंजिन आहे ना त्यात?"

"तसंच. का?"

"तू होडक्यात बसायचं."

माझा नवरा कुरकुरला, पण रिपेकाच्या वाट्याला तो कधी जात नाही. खाडीच्या तोंडाशी, जिथे लाटा जरा उसळतात, तिथे त्याने बोट आणली. मी मागे होडक्यात उतरले आणि लॅकीसारखीच खुंट्याजवळ कठडा धरून बसले. इंजिन पूर्ण जोरात चालू केलं. रिपेका खाली इंजिनापाशी उतरली, झाकण उघडं ठेवून. ठरलं होतं ते असं की ती खालून एक शब्द ओरडेल. काप, थांब किंवा ये, यांतला एखादा. कुठला ते ती आधी सांगणार नाही. मी वर येऊन सांगायचं.

होडक्यात बसल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली. दिवस स्वच्छ होता, नवरा कठड्यावर उभा होता, तरीही. दोरी खुंट्यावर करकरत होती. मी कान लावून बसले. आणि आवाज आला. बाईचा, जीव तोडून ओरडलेला. मी तो घट्ट पकडायचा प्रयत्न केला, पण इंजिनाच्या घरघरीत तो मधूनच फाटला. पुन्हा आला. पुन्हा तसाच.

वर चढले तेव्हा रिपेका तोंडावरचं तेल पुसत होती.

"काय ऐकलंस?"

त्या क्षणी मला वाटलं, ती काहीही ओरडली असली तरी काप म्हणावं. तिचं ओझं हलकं होईल, लॅकीचं होईल, एरिनाचंही. दुसरं काही म्हटलं तर तो माणूस आयुष्यातून उठेल. माझ्या एका शब्दावर सगळं येऊन ठेपलं होतं.

"आवाज आला," मी म्हटलं. "चांगला आला. शब्द कळला नाही."

"कळला नाही, की सांगत नाहीस?"

"कळला नाही, रिपेका. काप असेल, थांब असेल. कुणीतरी हाक मारतंय एवढं कळत होतं."

ती कठड्याला टेकून उभी राहिली. नवऱ्याने इंजिन बंद केलं. मग ती म्हणाली, "म्हणजे तेओने ओरडला असेल. आणि याने काहीतरी ऐकलं असेल."

"हो."

"आणि तेओने थांब म्हणाला असेल."

"तेही असेल."

"हं," ती म्हणाली. यापुढे जाता येणार नाही, हे तिला कळलं होतं. मला तिच्या खांद्यांवरून दिसलं.

ती दुपारीच लॅकीकडे गेली आणि काय केलं, काय निघालं, ते त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो दारातच खाली बसला. तिने त्याला उठवलं नाही, पण गेलीही नाही. त्याचं रडणं संपेपर्यंत उभी राहिली आणि मग म्हणाली, "आता एरिनाला तू सांगायचं. मी नाही. आणि पायरी चढून वर जायचं."

तो त्याच संध्याकाळी गेला. एरिनाने त्याला खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "इतके दिवस तू माझी लाकडं फोडलीस आणि हे सांगितलं नाहीस." मग उठून दार उघडलं. "यापुढे येऊ नकोस. मला जमेल तेव्हा मी बोलावेन. जमलं नाही तर नाही."

सुरी रिपेकाने तिलाच नेऊन दिली. एरिनाने ती खाचांसकट ठेवून घेतली. आणि रिपेकाने इन्व्हरकार्गिलच्या त्याच दुकानातून, साबणाच्या पाण्यात धरून बघितलेल्यांपैकी त्यातल्या त्यात बरी अशी एक मागवून घेतली. ताठ आहे म्हणून रोज शिव्या घालते, रोज धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवते. वर्ष-दोन वर्षांत हाताशी येईल म्हणते.

चौकशीचा जबाब बदलायला लॅकीला ब्लफला जावं लागणार होतं. तो एकटा जायला निघाला होता, तर धक्क्यावर रिपेका तिकीट काढून उभी.

"तू कशाला, आंटी?" तो म्हणाला. "मी सांगणार आहे सगळं. तुला विश्वास नाही माझा?"

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली. "चल, बोट सुटेल."

मी धक्क्यावरून बोटीच्या खिडकीतून त्यांना जाताना बघितलं. दोघं आतल्या बाकावर शेजारी बसले होते. मधे तिची पिशवी होती. सामुद्रधुनी त्या दिवशी खवळलेली होती आणि लॅकीला तेओनेनंतर अशा पाण्यात बोट लागायला लागली होती. बोट धक्क्याजवळच्याच पहिल्या लाटेवर चढली तेव्हा रिपेकाने पिशवी उचलून पायांपाशी ठेवली आणि त्याच्या हातात ओकारीची पिशवी दिली.